बालवाडीतल्या लेकरांना पळणं, उड्या मारणं वेगळं शिकवावं लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईजवळच्या शाळेत तुम्हाला नुकताच छोटा आणि मोठा गट मिळालाय. तीस लेकरं, रोज अर्धा तास खेळाचा, आणि पीटीचे सर फक्त पाचवीच्या पुढं. मुख्याध्यापक म्हणतात, ‘मैदानात सोडून द्या, पळतील आपोआप.’ एवढ्यावर भागेल का, आणि भागत नसेल तर शिकवायचं काय? शिवाय एक मुलगा या सगळ्यात मागं पडतो, त्याचं काय करायचं?

नाही भागत. पळणं आपोआप येतं, तेवढं मुख्याध्यापकांचं खरं. पण नीट फेकणं, झेलणं, एका पायावर उड्या मारत जाणं हे नुसत्या वाढत्या वयानं येत नाही. कुणी दाखवलं नाही तर लेकरू पहिल्या कच्च्या पायरीवरच अडकतं. मी लातूर जिल्ह्यात पूर्वप्राथमिकची पीटी घेते, आणि चेंडू अंगावर आला की डोळे मिटून तोंड फिरवणारी पोरं तिसरी-चौथीतही बघते. पुढं खेळाच्या तासाला नेमकं त्यांचंच पोट दुखतं. अमेरिकेत गरीब घरच्या मुलांसाठी हेड स्टार्ट नावाच्या बालवाड्या आहेत. तिथल्या अभ्यासांतही हेच दिसलं की नुसत्या मोकळ्या खेळानं ही कौशल्यं फारशी सुधारत नाहीत, शिकवल्यावर सुधारतात. मोकळा खेळ हवाच, पण तो मधल्या सुट्टीत.

शिकवायचं काय, तर तीन गोष्टी. जागा बदलणं, म्हणजे पळणं, उडी, लंगडी, घोडदौड. वस्तू हाताळणं, म्हणजे फेकणं, झेलणं, लाथेनं मारणं, टप्पे देणं. आणि तोल. लहान मुलांच्या हालचालींची कौशल्यं तपासायला डेल अल्रिक यांची एक चाचणी जगभर वापरतात, तिच्या २००० सालच्या आवृत्तीत पहिल्या दोन प्रकारांची सहा-सहा अशी बारा कौशल्यं आहेत. तुम्हाला चाचणी घ्यायची गरज नाही. तिची बघण्याची रीत मात्र उचला. लेकरानं चेंडू किती लांब फेकला हे ती विचारत नाही, फेकताना पाय कुठला पुढं आला हे विचारते.

आता माझं ठाम मत सांगते. बालवाडीतल्या खेळाच्या तासाचं सगळ्यात जास्त नुकसान रांग करते. तीस लेकरं, एक चेंडू आणि तीस मिनिटं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट. बाकीची एकोणतीस मिनिटं पुढच्याचा शर्ट ओढण्यात जातात, आणि मग आपणच म्हणतो की पोरं फार दंगा करतात. म्हणून आधी प्रत्येकाच्या हातात काहीतरी पडेल अशी सोय करा. विकत काही आणू नका. जुन्या कापडाच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवून त्यांत चिंचोके भरा आणि शिवण दुहेरी घाला, फाटली की चिंचोका नाकात जायला वेळ लागत नाही. आपल्याकडं चिंचोक्यांना तोटा नाही. ज्वारी भरू नका, उंदरांची सोय होते. अशी पिशवी लोळत लांब जात नाही, लागली तरी दुखत नाही, आणि डोक्यावर ठेवून चालायला लावलं की तोलाचाही पाठ होतो. जोडीला चिंध्यांचे चेंडू करा. पालकांना एक निरोप धाडला तर आज्या आठवड्यात ढीग पाठवतात.

फेकण्यावर थोडी सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात कमी तेच शिकवलं जातं. तीन-चार वर्षांचं लेकरू समोर तोंड करून, पाय न हलवता, नुसत्या कोपरातून फेकतं. थोडं मोठं झालं की पाय टाकतं, पण ज्या हातानं फेकतं त्याच बाजूचा. आपल्याला हवा उलटा पाय: उजवा हात तर डावा पाय. हे तोंडानं सांगून उपयोग नाही, त्या वयात डावं-उजवं पक्कं नसतं. खडूनं जमिनीवर दोन पावलं काढा, भिंतीकडं कूस करून उभं करा, आणि पुढं टाकायच्या पायाला लाल सुतळी बांधा. शब्द तीनच: ‘कूस, लाल पाय, हाण!’ रोज तेच तीन, त्याच क्रमानं.

आणि नेम धरायला लावू नका. बादलीत टाका, गोलात टाका असं म्हटलं की लेकरू अंग आखडतं आणि हळूच वरून सोडतं. भिंतीवर मोठ्ठं चित्र काढा, पाच-सहा पावलांवर उभं करा आणि जोरात हाणायला सांगा. जोर लावायचा म्हटलं की कंबर आपोआप वळते, पाय आपोआप पडतो. नेम नंतर येतो. अजून एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: मुली. चेंडूच्या कौशल्यांत मुलगे पुढं, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. त्याचं मोठं कारण मला आपल्या गल्लीतच सापडतं. चेंडू पोरांच्या हातात असतो आणि पोरी त्यांच्या मागं आणून द्यायला. तुमच्या तासाला तरी तसं होऊ देऊ नका.

झेलायला शिकवताना सुरुवात ओढणीपासून करा. पातळ ओढणीचा तुकडा वर उडवला की तरंगत खाली येतो, लेकराला बघायला वेळ मिळतो आणि भीती वाटत नाही. मग फुगा, मग एक टप्पा घेऊन येणारा मोठा मऊ चेंडू, आणि थेट फेक सगळ्यात शेवटी. छातीशी कवटाळून झेललं तरी छोट्या गटात शाबासकी द्या. नुसत्या हातांनी झेलणं पुढं येतं.

लंगडी आपली घरची आहे, पण जशीच्या तशी घेऊ नका. त्या खेळात जो कच्चा तो पहिला बाद होतो आणि कडेला बसतो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्याला सगळ्यात कमी सराव. नियम बदला: जो बाद होईल तो लंगडी घालणाऱ्याच्या बाजूला जाईल आणि दोघं मिळून धरतील. कुणीच बसत नाही आणि शेवटी सगळा वर्ग लंगडी घालत असतो. त्याआधी भिंत धरून जागच्या जागी उड्या घ्या. दोन्ही पायांवर घ्या, नाहीतर लेकरं सोयीच्या पायावरच वर्ष काढतात. वर्गात शहाबादी फरशी असेल तर तिचे चौकोन आयतेच आहेत, पण सतरंजी काढा आणि पायमोजेही काढायला लावा. फरशीवर मोजे फार घसरतात.

लांब उडीसाठी मैदानात फक्कीनं ओढा काढा, एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला हातभर रुंद. कुठून ओलांडायचा हे लेकरानंच ठरवायचं. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मस्का मॉस्टन यांची तिरक्या दोरीची कल्पना ती हीच. सगळ्यांना एकाच उंचीची दोरी ठेवली तर काही जण वगळलेच जातात, तिरकी धरली तर ज्याला जिथं जमेल तिथून तो जातो. तुमची नजर मात्र उतरण्यावर असू द्या: दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकवून, आवाज न करता.

घोडदौडीला फारसं शिकवावं लागत नाही. पोळा झाला की आठवडाभर सगळी पोरं बैलच असतात. फक्त कधी डावा तर कधी उजवा पाय पुढं ठेवायला लावा. एक पाऊल, एक उडी, मग दुसरा पाय असं बागडत जाणं बहुतेकांना पाच-सहाव्या वर्षी जमतं, छोट्या गटात त्याचा हट्ट नको.

अर्ध्या तासाची मांडणी साधी ठेवा. पाच मिनिटं पळापळ, मग पंधरा मिनिटं एकच कौशल्य, तेही तीन-चार जागी वेगवेगळ्या साहित्यानं आणि लेकरांना जागा बदलायची मुभा देऊन. उरलेला वेळ विष-अमृत किंवा रुमालपाणी. एकच कौशल्य दोन आठवडे चालवा. रोज नवं काढलं तर लेकरं खूश होतात, पण शिकत काही नाहीत. आणि मार्चपासून पुढं हा तास नऊच्या आत घ्या. आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी काय सांगू. पावसाळ्यात काळ्या मातीत तर पाय टाकता येत नाही, तेव्हा व्हरांडा आणि वर्ग हेच मैदान.

पालक कुरकुरतील. लातूर पॅटर्नचं खूळ आता बालवाडीपर्यंत आलंय, ‘बाई, लिहून काय घेतलं?’ हा प्रश्न रोजचा. मी त्यांना सांगते की दंड आणि मनगट तयार झाल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही. हे त्यांना लगेच पटतं. मुख्याध्यापकांसाठी कागद लागतो: ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वयासाठी शारीरिक विकास हे स्वतंत्र क्षेत्र आहे, ते पान काढून टेबलावर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही आहेत: ३-४ वर्षांच्या मुलांची दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. तुमचा अर्धा तास त्यापुढं काहीच नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय त्या मागं पडणाऱ्या मुलाबद्दल. तो साडेचार वर्षांचा असेल आणि लंगडीच्या दोन उड्यांत पाय टेकवत असेल तर घाबरू नका, रोज दोन मिनिटं भिंतीशी सराव द्या. पण पाच वर्षं उलटूनही एका पायावर क्षणभर उभं राहता येत नसेल, सपाटीवर वरचेवर पडत असेल, किंवा सगळं एकाच अंगानं करत दुसरा हात-पाय वापरतच नसेल, तर तो सरावाचा प्रश्न राहत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. तुमची शाळा खाजगी असेल तर आईवडिलांना ग्रामीण रुग्णालयात जायला सांगा. सांगताना ‘तुमचं लेकरू कच्चं आहे’ असं म्हणू नका. काय दिसलं आणि कधी दिसलं, तेवढं एका कागदावर लिहून द्या, डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो.