वाचकांचे प्रश्न : अद्भुत कादंबरी, तिचे संपादन आणि संपादकाची उपजीविका

मी माझ्या अद्भुत कादंबऱ्या (फँटसी) स्वतःच प्रकाशित करते आणि घर मात्र इतरांच्या कथा-कादंबऱ्यांच्या संपादनावर चालवते, असा उल्लेख गेल्या अंकातील माझ्या परिचयात आला होता. त्यानंतर नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : चार वर्षे खपून मी १,६०,००० शब्दांची अद्भुत कादंबरी पूर्ण केली आहे. आमच्या शाळेतील मराठीच्या शिक्षिकांनी तिचे शुद्धलेखन तपासून दिले आहे. आता ती थेट छपाईला द्यावी असे वाटते. तरीही संपादकाची गरज आहे का? — एक शिक्षक, सिन्नर

आहे, आणि ती छपाईचा खर्च करण्याआधी भागवायला हवी. तुमच्या सहकारी शिक्षिकांनी केलेले काम मोलाचे आहे, परंतु ते मुद्रितशोधनाच्या जवळचे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या १८ नियमांच्या आधारे ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येते. तिसऱ्या प्रकरणात मारला गेलेला सेनापती एकोणिसाव्या प्रकरणात दरबारात बसलेला असेल, तर ती चूक मात्र त्या नियमांच्या हाती लागत नाही. कथेची रचना, पात्रांचे हेतू आणि प्रसंगांचा क्रम पाहणारे आशय-संपादन आधी, वाक्यावाक्याकडे पाहणारे भाषा-संपादन त्यानंतर आणि अक्षरजुळणी झालेल्या पानांवरचे मुद्रितशोधन अगदी शेवटी, असा हा क्रम आहे. तो उलटा केला, तर ज्या प्रकरणाचे शुद्धलेखन आज काळजीपूर्वक तपासले जाते, ते प्रकरण उद्या आशय-संपादनात संपूर्ण गळून पडते आणि कोणाचे तरी कष्ट वाया जातात.

अद्भुत कादंबरीत आशय-संपादनाचा मोठा भाग हा त्या कल्पित जगाचे नियम तपासण्यात जातो. माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात नायक ‘दोन घटकांत’ चाळीस कोस घोडा दौडवत नेतो. एक घटका २४ मिनिटांची आणि एक कोस साधारण दोन मैलांचा धरला, तर तो घोडा पाऊण तासात ऐंशी मैल धावतो. घोडा मंतरलेला असता तर माझी काहीच हरकत नव्हती. पण तो तसा असल्याचे कादंबरीत कोठेही नव्हते आणि पुढच्याच प्रकरणात तोच घोडा साध्या चढावर दमून बसला होता. अशा ठिकाणी वाचक चमत्कारावर अविश्वास दाखवत नाही, लेखकावर दाखवतो, आणि एकदा गेलेला तो विश्वास पुढे कितीही सुंदर वर्णने केली तरी परत येत नाही. म्हणून प्रत्येक हस्तलिखितासाठी मी एक स्वतंत्र वही ठेवते. तिच्यात पात्रांची नावे व वये, गावांमधील अंतरे, ऋतू, नाणी, कोणता मंत्र कोणाला येतो आणि त्याची किंमत त्याला कशाने मोजावी लागते, याची नोंद पृष्ठक्रमांकासह असते.

नकाशाविषयीही एक सांगते. नदी कोठून कोठे वाहते याचे कारण जमिनीच्या उतारात असावे लागते. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे, तरीही ती पूर्वेकडे वळून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. नुसते ऐकले तर हे एखाद्या कादंबरीकाराने रचलेले वाटेल. सह्याद्रीचा उतार समजला की ते अपरिहार्य वाटू लागते. तुमच्या जगातील आश्चर्येही अशीच असावीत, असे मला मनापासून वाटते.

आणि त्या जगातील वस्तू केवळ शोभेच्या नसाव्यात. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आपण नाशिककर पुराच्या दिवसांत ज्या नजरेने पाहतो ती आठवा. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेपर्यंत आले, की छातीपर्यंत चढले, यावरून पुराची बातमी घराघरांत जाते. ती मूर्ती देवही आहे आणि मोजपट्टीही आहे. तुमच्या कादंबरीत अठरा मंदिरांची वर्णने असतील, तर त्यांतील निदान एकाचा तेथील माणसांना असा रोजच्या जगण्यात उपयोग होतो का, हे पाहावे. होत नसेल, तर सतरा मंदिरे वगळून एकाच मंदिराकडे लक्ष द्यावे. १,६०,००० शब्दांपैकी बरेचसे तेथेच कमी होतील.

प्रश्न : माझ्या कादंबरीचा निवेदक प्रथमपुरुषी आहे आणि तो पुरुष आहे की स्त्री, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत उघड व्हायला नको आहे. मराठीत हे शक्य आहे का? — एक वाचक, ओझर

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण तो थेट मराठीच्या व्याकरणाला भिडतो. आपल्या भाषेत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ असे म्हणताक्षणी गुपित फुटते, आणि ‘मी येतो’, ‘मी येते’ यांतही तेच होते. परंतु सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात क्रियापदाचे रूप कर्माप्रमाणे बदलते. ‘मी दार उघडले’, ‘मी त्याची तलवार पाहिली’ या वाक्यांत निवेदक संपूर्ण झाकलेला राहतो. ‘मला भीती वाटली’, ‘माझ्याने चालवेना’, ‘मी उद्या येईन’, ‘मी रोज त्या घाटावर जात असे’ ही रूपेही सुरक्षित आहेत. सापळा आहे तो विसरणे, शिकणे, बोलणे, समजणे अशा क्रियापदांत, कारण त्यांना कर्म असले तरी ती कर्त्यालाच धरून चालतात. ‘मी ते नाव विसरलो’ असे एकदा जरी निसटले, तरी तीनशे पानांची मेहनत त्या एका ‘लो’मध्ये संपते. त्यामुळे अशा हस्तलिखितात मी प्रथमपुरुषी क्रियापदांसाठी एक स्वतंत्र वाचन राखून ठेवते आणि त्या वेळी कथेकडे मुळीच लक्ष देत नाही.

सुरक्षित रूपे सलग वापरल्यास गद्य अवघडल्यासारखे होते, हा खरा धोका आहे. त्यावर उपाय असा, की निवेदकाला पाहणारा, ऐकणारा आणि वस्तू हाताळणारा करावे, नुसता येणारा-जाणारा करू नये.

याच ओघात संबोधनांचाही विचार करावा. कल्पित राज्यातसुद्धा कोण कोणाला ‘तू’, ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हणतो हे मराठी लेखकाला ठरवावेच लागते, आणि ते ठरवताना त्या समाजाची सगळी उतरंड नकळत ठरून जाते. राणी दाईला बाराव्या प्रकरणात ‘तू’ आणि तेराव्यात ‘तुम्ही’ म्हणत असेल, तर त्या दोन प्रकरणांच्या मध्ये काहीतरी घडलेले असले पाहिजे.

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत नोकरी करते. वाचनाची आणि दुरुस्त्या करण्याची मला आवड आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ मुक्त संपादक होता येईल का? तुम्ही स्वतःच्या लेखनासाठी वेळ कसा काढता? — एक वाचक, नाशिकरोड

होता येईल, परंतु आधी हिशेब मांडा. भाषा-संपादनात माझा वेग तासाला सुमारे हजार शब्दांचा आहे. म्हणजे लाख शब्दांच्या कादंबरीची एक फेरी शंभर तासांची होते. दिवसाचे आठ तास याच दर्जाने लक्ष लागत नाही. मला चार तास साधतात, म्हणून एका फेरीला पंचवीस दिवस लागतात. त्यात आशय-संपादनाचे पत्र, लेखकाशी चर्चा आणि दुसरी फेरी मिळवली, तर वर्षाला किती पुस्तके हाताखालून जातील याचा अंदाज येतो. घरखर्चाला त्या आकड्याने भागा आणि आलेला दर एखादा लेखक किंवा प्रकाशक खरोखर देईल का, हे नोकरीत असतानाच दोन-तीन कामे घेऊन पडताळून पाहा. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक कामाआधी पहिल्या हजार शब्दांचे नमुना-संपादन करून द्यावे. त्यातून लेखकाला तुमचा हात कळतो आणि तुम्हाला हस्तलिखिताचे वजन कळते. त्यानंतर कामाची व्याप्ती, फेऱ्यांची संख्या, मुदत आणि मानधनाचे टप्पे लिहिलेले पत्र दोघांनी सही करून ठेवावे व निम्मे मानधन आगाऊ घ्यावे. सुरुवातीच्या काळात मी हे केले नव्हते. एका लेखकाने ‘थोडेसे बदल’ म्हणत माझ्याकडून सात फेऱ्या करून घेतल्या, आणि एका प्रकाशन संस्थेने ठरलेले पैसे पुस्तक बाजारात आल्यानंतर चौदा महिन्यांनी दिले. दोघांनाही दोष देण्याजोगा कागद माझ्याकडे नव्हता, आणि त्या वर्षी माझी स्वतःची कादंबरी एका ओळीनेही पुढे सरकली नाही, याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक काळ राहिले. संस्थेने मानधनातून कर कापला असेल, तर तो तुमच्या नावावर जमा झाला आहे का, हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पाहण्याची सवयही आत्तापासून लावावी.

माझ्या स्वतःच्या लेखनाला सकाळी सहा ते नऊ हे तीन तास आहेत आणि ते मी कोणालाही देत नाही. वेळेपेक्षा कठीण गोष्ट मात्र निराळी आहे. दिवसभर दुसऱ्याच्या वाक्यांत राहिल्यावर त्यांची लय आपल्या लेखणीत उतरते. एकदा माझ्या कादंबरीतील वृद्ध नावाडी, मी त्या महिन्यात संपादित करत असलेल्या पुस्तकातल्या राजपुत्रासारखा बोलू लागला होता. प्रकरण मोठ्याने वाचताना ते माझ्या लक्षात आले आणि ती अकरा पाने मी पुन्हा लिहिली. तेव्हापासून माझ्या पुस्तकाचा पहिला खर्डा चालू असताना मी अद्भुत कादंबरी संपादनासाठी घेत नाही, सामाजिक कादंबऱ्या किंवा रहस्यकथा घेते. त्यामुळे काही चांगली कामे सोडावी लागतात.

प्रश्न : स्वतः पुस्तक काढताना आयएसबीएन आणि कॉपीराइट यांची नोंदणी सक्तीची असते का? एक प्रकाशक ‘सर्व हक्क’ मागत आहेत, ते द्यावेत का? — एक लेखक, सिडको

कॉपीराइट लेखन होताक्षणी तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि छापील व ई-आवृत्तीसाठी वेगवेगळा घ्यावा लागतो. किंडलवरील ई-पुस्तकाला तो नसला तरी चालतो. छापील पुस्तकाच्या प्रती १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रकाशनानंतर ३० दिवसांत पाठवाव्या लागतात, आणि स्वतः प्रकाशक झाल्यावर ही जबाबदारी तुमची असते.

‘सर्व हक्क’ हे दोन शब्द पाहून सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तरीही कायद्याच्या आधारावर न विसंबता छापील आवृत्ती, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांची नावे वेगवेगळी लिहून घ्यावीत, आणि अद्भुत कादंबरी असेल तर त्या जगावर आणि पात्रांवर पुढील पुस्तके लिहिण्याचा हक्क तुमच्याकडेच राहील, असे वाक्य आवर्जून घालावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. कथात्म साहित्याचे संपादन शिकण्यासाठी सुरुवात कशी करावी? — एक विद्यार्थिनी, पंचवटी

तुमच्या घरापासून नदी ओलांडली की १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य मराठी कादंबऱ्यांविषयी विचारा. १८६० नंतरच्या दशकांत मराठी कादंबरी मोठ्या प्रमाणावर याच वळणाची होती, आणि पुढे तिच्यावर अवास्तवतेचा शिक्का बसून ती मागे पडली. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली की कॉपीराइट संपतो, त्यामुळे ही पुस्तके उतरवून घेऊन त्यांवर काम करण्यास अडचण नाही.

अशा कादंबरीचे एक प्रकरण हाताने उतरवून घ्या. त्यातील काळ, अंतरे, संबोधने आणि कोणाला काय ठाऊक आहे याची वही करा. त्यानंतर तो लेखक हयात आहे असे समजून त्याला दोन पानांचे पत्र लिहा. पहिल्या पानावर त्या प्रकरणातील कोणत्या गोष्टींना हात लावू नये आणि का, हे लिहा. दुसऱ्या पानावर प्रश्न लिहा, दुरुस्त्या नव्हेत. ‘राजकन्येला ही बातमी कोणी सांगितली?’ असा प्रश्न विचारला की लेखक स्वतः उत्तर शोधतो, आणि ते आपण सुचवले असते त्यापेक्षा बहुतेक वेळा चांगले निघते. अशी पाच पत्रे लिहून झाली की ती मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. मी ती वाचून, समासात शेरे लिहून परत पाठवीन.