आधारगट सुरू करताय ना? मग आधी जिना मोजा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, घरी ऑक्सिजन चालू आहे. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी गावात आधारगट काढायचाय, बारा-तेरा घरांनी नावं दिलीत, छातीचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायला तयार आहेत आणि पहिल्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळतोय. तर बैठकीत काय काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. ते सांगतेच, पण "पहिल्या मजल्यावरचा" या शब्दापाशी मी थांबले. पुण्यातला आमचा गट नेमका तिथंच अडकला होता.

मी डॉक्टर नाही. औषध, डोस, ऑक्सिजन किती लिटर यातलं काहीही माझ्या किंवा इथल्या कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. रोगाची ओळख, धूम्रपान, चूल वगैरे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून वगळते.

तर जिना. आमच्या हॉलला बावीस पायऱ्या होत्या. "सावकाश चढा, मध्ये थांबा" यावर आम्ही भागवलं. पहिल्या एक-दोन बैठकांना सगळे चढले. नंतर माणसं गळायला लागली, आणि ज्यांच्यासाठी गट काढला तीच गळाली. डॉक्टर दम लागण्याच्या 0 ते 4 अशा श्रेणी लावतात. 3 म्हणजे सपाट रस्त्यावरही शंभरेक मीटर चाललं की श्वास घ्यायला थांबावं लागतं. 4 म्हणजे कपडे घालता-काढतानाही धाप लागते, घराबाहेर पडणं होत नाही. आमचे 3 आणि 4 वाले यायचे बंद झाले, 0 आणि 1 वाले येत राहिले. ते नवीन ओळखीचे लोक आणायचे, त्यामुळे खुर्च्या भरलेल्या दिसायच्या आणि कोण येत नाहीये हे कित्येक महिने कुणाच्या ध्यानात आलं नाही. फोन केला तर "जिना चढवत नाही" असं कुणीच म्हणत नाही. "पाहुणे आलेत", "गुडघा धरलाय" असंच ऐकू येतं. धाप लागलेली चारचौघांना दिसू नये म्हणून माणूस घरी बसतो.

चूक कळल्यावर त्याच इमारतीतली तळमजल्याची खोली मागितली. ज्या कार्यालयाच्या ताब्यात ती होती त्यांनी सांगितलं, तळमजला दिव्यांगांसाठी राखीव आहे, सभासदांची दिव्यांग प्रमाणपत्रं जोडा. आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार दिलेत, त्यात फुप्फुसाचा जुनाट आजार नाहीच. चाळीस टक्के फुप्फुस उरलेल्या माणसालाही त्या आजारासाठी ते प्रमाणपत्र मिळत नाही. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं आणि मागणाऱ्यालाही नव्हतं. अर्ज, स्मरणपत्र, "साहेब मीटिंगला गेलेत", नवीन साहेब, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. खोली तेवढा काळ कुलपातच होती. त्या खेपांमध्ये जे महिने गेले त्यात काही माणसं आमच्या हातातून कायमची गेली. त्याचा राग अजून आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तुम्ही या फेऱ्यात पडूच नका. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, रविवारी रिकामा असलेला शाळेचा तळमजल्याचा वर्ग, देवळाचा सभामंडप हे आधी बघा. कुठे अर्ज करावाच लागला तर "रुग्णांना त्रास होतो" असं मोघम लिहू नका. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, नाव न घालता, आकडा लिहून घ्या: अमुक पायऱ्या चढल्यावर रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन 93 टक्क्यांवरून 85 टक्क्यांवर आला. असा आकडा समोर असला की फाइल बाजूला सारणं जड जातं. मात्र त्या आकड्यासाठी मुद्दाम कुणाला जिना चढायला लावू नका. दवाखान्यात चालण्याची चाचणी झालेली असते, तिचा रिपोर्ट पुरतो. संस्था नोंदणीची घाईही नको. त्याला किमान सात सभासद लागतात, घटना लिहावी लागते, आणि पुढं दरवर्षी हिशेबाचं काम मागे लागतं. पैसे गोळा करायचे नसतील तर पहिलं वर्ष एक वही पुरते.

जागा बघायला जाताना वडिलांच्या चालीनं चाला. रिक्षा थांबते तिथून खुर्चीपर्यंत किती पावलं, मध्ये टेकायला काही आहे का, कमोडचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का हे बघा. समोरासमोर खिडक्या हव्यात आणि त्या उघडता यायला हव्यात. भिंतीला बुरशी नको, पावसाळ्यात पुन्हा एकदा जाऊन बघा. खिडकीच्या कट्ट्यावर कबुतरांची विष्ठा असेल तर ती जागा सोडा, कारण कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या कणांनी फुप्फुसाला सूज येते आणि पुढं ते कडक होऊ शकतं. आयएलडीवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या फुप्फुसाला आधीच सूज येऊन ते कडक होत चाललंय त्यांच्यासाठी, तर हा मोठाच धोका आहे. बैठकीच्या दिवशी सकाळी फिनेल नको, उदबत्ती नको, सतरंजी झटकणं नको. उद्घाटनाला दीपप्रज्वलन तर नकोच. ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेला माणूस समईजवळ उभा करणं म्हणजे आगीशी खेळ आहे. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी कुणीतरी हौसेनं समई आणतंच.

वेळ सकाळी अकराची ठेवा. सातची ठेवली की हिवाळ्यात धुरकं असतं, आणि ब्राँकायक्टॅसिसवाल्यांचा (श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन ज्यांच्यात कफ साठतो त्यांचा) कफ काढण्यातच सकाळचा तासभर जातो. एकूण दीड तास पुरे. त्यातली शेवटची वीस मिनिटं चहा आणि गप्पांना मोकळी सोडा. भाषणं, शाल-श्रीफळ यांना फाटा द्या.

आता काय घ्यायचं. माझं ठाम मत आहे की दर बैठकीला इनहेलर तपासणी हवीच. प्रत्येकानं आपली सगळी औषधं पिशवीत घालून आणायची आणि जसं घरी घेतो तसं करून दाखवायचं. पंप हलवला का, झाकण काढलं का, आधी श्वास पूर्ण सोडला का, हे फिजिओथेरपिस्ट किंवा नर्सनं बघायचं. दाबून मारायच्या पंपाला श्वास सावकाश आणि खोल लागतो, मग जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत रोखायचा. रोटाकॅपला (यंत्रात घालून पावडर ओढायची कॅप्सूल) उलट: जोरात आणि खोल ओढायचं, नाहीतर पावडर यंत्रातच राहते. एकाच घरात दोन्ही प्रकार असले की हमखास गोंधळ होतो. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक अजूनही भेटतात. स्पेसरमध्ये (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) दोन पफ एकदम मारू नका. एक मारा, ओढा, अर्धा-एक मिनिट थांबा, मग दुसरा. स्पेसर आतून फडक्यानं पुसला की स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. सरावाचे रिकामे पंप एकानं तोंडाला लावले की दुसऱ्यानं लावायचे नाहीत.

मग पंचवीस-तीस मिनिटं व्यायाम. तोही डॉक्टरांनी "याला चालेल" म्हटलेल्यांनीच करायचा आणि फिजिओथेरपिस्ट समोर असताना. आराम देणारा पंप लिहून दिला असेल तर तो साधारण पंधरा मिनिटं आधी घ्यावा. हातांच्या खुर्चीतून उठणं-बसणं, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं, खोलीत फेऱ्या: एक-दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांब. जोर लावताना श्वास बाहेर, हे सारखं सांगत राहावं लागतं. माणसं बाटली उचलताना श्वास कोंडतात आणि तिथंच धाप लागते. नाकानं दोन अंकात आत, ओठांचा चंबू करून चार अंकात बाहेर. दमाला 0 ते 10 गुण द्यायला शिकवा. 3-4 वर काम चालू ठेवायचं, त्याच्या बरंच वर गेलं की थांबायचं. ऑक्सिमीटरवर 88 च्या खाली गेलं की बसायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. स्पर्धा अजिबात लावू नका.

ऑक्सिमीटरबद्दल एक. बोटात घातल्याबरोबर दिसतो तो आकडा धरायचा नाही. हात टेकवून ठेवा, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धं-एक मिनिट थांबा. गार बोटं, नेलपॉलिश, गडद मेंदी यांनी आकडा चुकतो. लग्नसराईत आमच्याकडे मेंदीमुळे दोघीतिघींची उगाच धावपळ झाली आहे.

भजन घेता आलं तर जरूर घ्या. लांब ओळ म्हणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो. फक्त टाळकऱ्यांना लय संथ ठेवायला सांगा, आणि ज्याला दम लागेल त्यानं नुसतं धृपद धरावं.

ऑक्सिजनवाल्यांसाठी एक अख्खी बैठक ठेवा, सोबत घरचं माणूस हवंच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला 2 लिटर म्हणजे 750 मिनिटं, साडेबारा तास; हिशेब दहाचाच धरा. लाइट गेल्यावर कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं मशिन) बंद पडतो, तेव्हा हा हिशेब फ्रिजवर लिहिलेला असला की घबराट होत नाही. मशिनची जाळी दर आठवड्याला धुवा, पाण्याच्या बाटलीतलं पाणी रोज बदला, उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलिन किंवा तेल लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेतात. गॅसची शेगडी आणि देवघरातलं निरांजन दहा फूट लांब. छोटं फिरतं मशिन घेणार असाल तर त्यावरचा "2" म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. बहुतेक मशिनं फक्त श्वास आत घेताना झुळूक सोडतात. ते लावून चालल्यावर वडिलांचा आकडा किती राहतो ते डॉक्टरांसमोर बघा, मगच पैसे द्या. आणि धाप लागली की कुणीतरी "वाढव जरा" म्हणतं, ते थांबवा. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा 88 ते 92 च ठेवायला सांगतात.

दोन नियम पहिल्या दिवशीच लिहून लावा. बैठकीत कुणी काही विकायचं नाही. "मोफत तपासणी शिबिर" म्हणत येणारे मशिनवालेही यात आले. आणि व्हॉट्सॲपवर औषधाचं नाव आणि डोस टाकायचा नाही. एकाला लागू पडलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या दुसऱ्यानं मनानं सुरू केल्या की साखर वाढते, अचानक सोडल्या तर आणखी बिघडतं. टीबी होऊन गेलेल्यांना वेगळं बसवू नका. उपचार पूर्ण झाले असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की पुरे. सर्दी-ताप असलेल्यानं मात्र त्या महिन्यात घरीच थांबावं, आणि खोकणाऱ्यानं मास्क लावावा. फ्लूची लस आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी, एप्रिल-मेच्या बैठकीत डॉक्टरांना तोच विषय द्या.

वहीत नावापुढे सुरुवातीला सांगितलेल्या 0 ते 4 या दमाच्या श्रेणीचा आकडा लिहा. 3 आणि 4 वाला माणूस आला नाही तर दोन दिवसांत फोन जायलाच हवा. फोनवर "काय झालं, सांगा ना" असं विचारू नका, बोलताना त्यांना धाप लागते. "ताप आहे का? कफाचा रंग बदलला का? रात्री बसून झोपता का?" असं हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा. कफ पिवळा-हिरवा झाला, दम नेहमीपेक्षा वाढला असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टर, बैठकीची वाट बघायची नाही.

गटातली माणसं जातात, विशेषतः आयपीएफचे (फुप्फुस कडक होत जाणारा, बरा न होणारा आजार) रुग्ण. ती बातमी ग्रुपवर फोटो-हार लावून टाकू नका. त्याच आजाराचे जे दोघं-तिघं आहेत त्यांना आधी फोन करा, जमलं तर घरी जा. पुढच्या बैठकीत नाव घ्यायचं, मोकळेपणानं बोलायचं, आणि रडू आलं की धाप लागते म्हणून हातातला छोटा पंखा जवळ ठेवायचा. तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, नाका-गालांवर वारा येईल असा धरला की बऱ्याच जणांना बरं वाटतं. बॅटरीवरचे असे दोन-तीन पंखे गटासाठी घेऊनच ठेवा.

घरच्यांना दर महिन्याला पंधरा मिनिटं वेगळ्या कोपऱ्यात बसू द्या, रुग्णांशिवाय. तुम्हालाही ते लागेल.

हॉलवाल्यांना अजून होकार कळवला नसेल तर कळवू नका. पायऱ्या किती, कठडा आहे का आणि खाली एखादी खोली आहे का एवढं बघून इथं लिहा. अर्जाचा मसुदा मी करून देते.