शोतोकान कराटे दोन वर्षं झालं, आता ज्युडोही सुरू करू का? सर म्हणतात दोन्हीचा विचका होईल

करा. बिनधास्त करा.

"दोन्हीचा विचका होईल" हे वाक्य मी तालमीत ऐकलंय, ज्युडोच्या क्लासमध्ये ऐकलंय, जिउ-जित्सूवाल्यांच्या तोंडूनही ऐकलंय. म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या खेळाच्या मॅटवर कधी उतरलेलाच नसतो. तुमच्या प्रश्नात सरांचं तेच वाक्य दिसलं म्हणून लिहायला बसलो. आठवड्याचं वेळापत्रक कसं लावावं हेही तुम्ही विचारलंय, त्याकडे येतो, पण आधी हे.

तुमचे सर जो पांढरा ड्रेस घालतात आणि वर बेल्ट बांधतात, ते दोन्ही ज्युडोकडून आलेलं आहे. शोतोकानचे जनक फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला आले, कोदोकान या ज्युडोच्या मूळ शाळेत ज्युडोचे जनक कानो यांच्यासमोर कराटे करून दाखवलं आणि पुढे ज्युडोचा ड्रेस व बेल्टची पद्धत कराटेत घेतली. खुद्द जिगोरो कानो आधी तेन्जिन शिन्यो आणि मग कितो, अशा दोन वेगळ्या घराण्यांचं जुजुत्सू शिकले होते. त्यातून १८८२ मध्ये कोदोकान उभं राहिलं. शिकत असताना अंगाने बराच भारी असलेला एक सहाध्यायी त्यांना आवरत नव्हता. कानोंनी सुमोचे डाव लावून पाहिले, जमेना. मग पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली आणि त्याला खांद्यावर आडवा घेऊन टाकला. ज्युडोतला काता-गुरुमा तो हाच. कोल्हापुरातल्या कुठल्याही पठ्ठ्याला दाखवा, तो म्हणेल ही तर आपली कलाजंग. एका खेळातून दुसऱ्यात डाव नेल्याने विचका होत असता तर ज्युडो जन्मालाच आला नसता.

गोंधळ होतो, ते मी नाकारत नाही. पण लोक सांगतात तिथे होत नाही. हात ठोशासाठी उचलायचा की पकडीसाठी, हा घोळ काही आठवड्यांत मिटतो. खरा घोळ पाठीचा. पडताना पाठ कुठे न्यायची याचं उत्तर प्रत्येक खेळाचं वेगळं आहे, आणि ते विचार करून देता येत नाही, तेवढा वेळच नसतो.

आपल्या मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चीतपट, खेळ खलास. म्हणून पैलवान हवेतच वळतो आणि छाती-पोटावर येतो. फ्रीस्टाइलमध्ये तर टेकायचीही गरज नाही, पाठीचा गादीशी कोन ९० अंशांच्या आत आला की समोरच्याला २ गुण. ज्युडोत पाठीवर, जोराने, वेगाने आणि ताबा ठेवून टाकलं की इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत खलास. सरळ पोटावर आलात तर गुण नाही. इथपर्यंत पैलवानाची सवय कामाला येते. जिउ-जित्सूत चित्र पालटतं. पोटावर आलेल्या माणसाची पाठ मिळाली, दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आत अडकल्या की ४ गुण, आणि मागोमाग गळा आवळतात. उलट पाठीवर राहून समोरच्याला पायांत धरणं ही तिथे लढायची चांगली जागा मानतात. स्पर्धेच्या कराटेत पडलेल्यावर लगेच नीट तंत्र बसलं तर ३ गुण, मग तुम्ही पाठीवर असा नाहीतर पोटावर.

आता माझ्या जुन्या भांडणाकडे. तालमीतला एक जोडीदार आणि मी या पाठीवरून वर्षानुवर्षं वाद घालत आलोय. त्याचं म्हणणं असं: पैलवानाने पाठ टेकवायचीच नसते, मग पाठीवर पडायला शिकायचं कशाला? ज्युडोवाल्यांची उकेमी (इजा न होता पडायची पद्धत) अंगात भिनली की अंग पाठीवर जायला सोकावतं आणि ऐन कुस्तीत माणूस आपणहून चीत होतो. वरवर पाहिलं तर मुद्दा बिनतोड वाटतो. तो चूक कसा ते एका डावावर सांगतो.

धोबीपछाड घ्या, ज्युडोत तिचा सख्खा भाऊ सेओइ-नागे. समोरच्याने तुमचा उजवा हात पकडून खांद्यावरून ओढलाय, तुमचे पाय सुटलेत. आता तुमच्याकडे मोकळा फक्त डावा हात. पैलवानाचं अंग वळायला बघतं आणि डावा हात आधाराला खाली जातो, कोपर सरळ, तळवा उघडा. लाल मातीत तळवा थोडा रुततो, थोडा सरकतो, आणि बऱ्याचदा निभावतं. मॅटवर तो चिकटतो. वरून तुमचं आणि टाकणाऱ्याचं, दोघांचं वजन त्या एका सरळ कोपरावर येतं. कोपर निखळतं, नाहीतर मनगटातलं अंगठ्याच्या बुडाशी असलेलं छोटं हाड तडकतं. ते हाड पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतही नाही, म्हणून लोक मुरगळलंय समजून लेप लावत बसतात आणि ते जुळत नाही. अर्धवट वळलात तर खांद्याच्या टोकावर येता आणि गळपट्टीचं हाड जातं. काही जण शेवटच्या क्षणी मान टेकवून ब्रिज मारतात, म्हणजे डोकं आणि पाय टेकून पाठ वर उचलतात. कुस्तीत त्याने चीत वाचते. ज्युडोत ब्रिजवर आलात तरी पाठीवर पडलात असंच धरून इप्पॉन देतात, आणि पाठ वाचवायला डोकं आधी खुपसलं तर थेट बाद करू शकतात. मानेसाठी नियम कडक आहे आणि तो योग्यच आहे.

म्हणून वळणं आणि पडणं ही एकाच फेकीतली दोन टोकं आहेत. कंबर खांद्यांच्या वर जाण्याआधी वळायला वेळ असतो, तेव्हा जरूर वळा. कंबर वर गेली की वळायचा नाद सोडायचा आणि उकेमी घ्यायची. दोन्हीचा सराव एकाच दिवशी, एकाच जोडीदारासोबत करा: पाच वेळा त्याने पूर्ण टाकायचं आणि तुम्ही पडायचं, पाच वेळा त्याने सावकाश टाकायचं आणि तुम्ही वळून सुटायचं. आधी कोणतं ते बोलून, मग न बोलता. असं केलं की अंग सोकावत नाही, अंगाला फरक कळायला लागतो. माझ्या जोडीदाराने हे कधी करून पाहिलं नाही, फक्त "खाशाबांनी काय ज्युडो केलं होतं?" एवढं विचारत राहिला. खाशाबा जाधव मातीतलेच. १९४८ ला लंडनमध्ये गादीवर सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकलं, कारण मधल्या काळात गादी आणि तिचे नियम त्यांनी अंगवळणी पाडले. त्यांचा ढाक हा डाव मातीतला होता, पदक गादीवरचं आहे. आजही महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात. एकच धरा म्हणणाऱ्यांनी हे डोळ्यांआड करू नये.

तुम्ही कराटेचे, त्यामुळे तुमच्या खोडी वेगळ्या असणार. पहिली खोड, लांब झेनकुत्सु, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून लांब पाय टाकून उभं राहणं. पुढच्या पायावर वजन बसतंय त्याच क्षणी ज्युडोवाला तो पाय तळपायाने झाडतो आणि तुम्ही आडवे होता. तुमच्याकडे आशी-बाराई (पाय झाडणं) आहे, पण कराटेत ती लांबून आणि जोराने मारतात. इथे ती कपडा धरून, वेळ साधून लागते. पावलं खांद्यांइतकी ठेवा आणि मॅटला घासत न्या. दुसरी, ढकललं की सरळ मागे जाणं. कुमितेत (कराटेच्या लढतीत) अंतर राखायला ते बरोबर आहे, इथे ओउची-गारी आणि कोउची-गारी हे पाय अडकवून मागे पाडायचे डाव त्याचीच वाट बघत असतात. तिरकं सरका. तिसरी, हात ताठ ठेवून समोरच्याला लांब धरणं. ताठ हात हे त्याच्यासाठी हँडल आहे, ते फिरवून तो तुम्हाला फिरवतो, आणि स्पर्धेत नुसतं अडवत राहिलात तर शिदो (छोटी शिक्षा) मिळतो ते वेगळंच. चौथी सगळ्यांत चिवट: बाहीवरचा हात ओढताना तो आपसूक कमरेकडे जातो, कारण दोन वर्षं हिकिते, म्हणजे ठोसा मारताना मागे ओढायचा दुसरा हात, तिथेच ओढलाय. फेकीत बाही खाली ओढली की समोरचा उलट पायांवर घट्ट बसतो. ती ओढायची बाहेर आणि वर, कोपर उंच, मनगटावरचं घड्याळ पाहतो तशी. पकड करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाने, बाकी दोन सैल. पाचही बोटांनी मूठ आवळली तर दोन मिनिटांत पुढचा हात दगड होतो.

उकेमी आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग गुडघ्या-हातांवर ओणव्या जोडीदारावरून, आणि शेवटी फेकीतून. हनुवटी छातीला, नजर बेल्टच्या गाठीवर. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर, तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा एकदम आपटायचा. हात खांद्याच्या रेषेवर गेला तर खांद्याला हिसका बसतो, फक्त तळवा आपटला तर मनगटाला. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर येऊ देऊ नका, घोटे ठेचतात. पडताना श्वास सोडा. उभ्याने मागे पडणं पक्कं होईपर्यंत कुणालाही ओसोतो-गारी (पाय झाडून मागे पाडायचा डाव) जोरात मारू देऊ नका, डोकं मागे आपटतं ते बहुधा याच डावात.

आणि बोला. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे "का?" विचारणं म्हणजे वस्तादांचा किंवा सरांचा अपमान समजतात आणि पोरं वर्षानुवर्षं न बोलता तीच चूक घोटत राहतात. कानोंनी शिकण्याचे चार भाग सांगितले होते: काता (ठरलेल्या हालचालींचा सराव), रांदोरी (मोकळी झुंज), व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं. पहिले दोन सगळे करतात, चौथा कुणी करत नाही. रांदोरी चालू असताना शिकवत बसू नका, ते चीड आणणारं असतं आणि त्यात इजा होते. संपल्यावर पाच मिनिटं जोडीदारासोबत बसा आणि नेमकं विचारा: माझं वजन कुठल्या पायावर होतं तेव्हा तू आत शिरलास? तुला आधी काय जाणवलं, बाही की कॉलर? मी कुठे हललो असतो तर तुझा डाव फसला असता? "मस्त मारलास" याने काही हाती लागत नाही. दुसऱ्या खेळातून आलेला जोडीदार असेल तर सुरुवातीलाच नियम बोलून घ्या. पायाला हात चालेल का? ज्युडोच्या स्पर्धेतून २०१० पासून थेट पाय धरणं हटत गेलं आणि २०१३ पासून पूर्ण बंद झालं, पण तालमीतल्या पोराचा पहिला डावच एकेरी पट असतो. गळा चालेल का? मातीत गळा आवळत नाहीत, त्यामुळे तिथून आलेल्याला टॅप (थोपटून हार मानणं) माहीत नसतो, तो दात-ओठ खाऊन सहन करतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या तर दहा-एक सेकंदांत शुद्ध जाते. त्याला आधी सांगा: जोडीदाराच्या अंगावर दोनदा थोपट, मॅटवर नको, आवाजात ऐकू जात नाही. हात अडकले तर पाय आपट किंवा तोंडाने ओरड.

वेळापत्रक: दोन दिवस कराटे, दोन दिवस ज्युडो. रांदोरीच्या दुसऱ्या दिवशी कुमिते ठेवू नका, बरगड्या आणि पुढचे हात धरलेले असतात. त्या दिवशी काता करा. पहिले दोन महिने रांदोरी नाही, फक्त उकेमी आणि उचिकोमी (न टाकता डावात शिरायचा सराव), दहाचे पाच संच, एकच डाव. त्याहून जास्त आखायची गरज नाही.

दोन-चार गोष्टी राहिल्या. बेल्टची परीक्षा दोन महिन्यांच्या आत असेल तर ती होऊ द्या, मग सुरू करा. एवढ्यापुरतं सरांचं ऐका. मान किंवा खांदा आधीच दुखावलेला असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उतरू नका. नखं कापलेली हवीत, आणि नायटा असेल तर बरा होईपर्यंत घरी बसा, मॅटवर तो सगळ्यांना लागतो. कराटेचा ड्रेस ज्युडोत काखेत फाटतो, जाड विणीचा वेगळा घ्या. आणि सरांपासून लपवू नका. सांगून जा, त्यांच्या कुमितेत ज्युडोची पकड घालू नका, बहुतेक सर एवढ्यावर निवळतात.

माझा तो जोडीदार आता स्वतः पोरं तयार करतो आणि उकेमी अजूनही शिकवत नाही. त्याची पोरं गादीवर पहिल्यांदा उतरली की उचललं जाताच डावा हात टेकतात. त्याला तोंडावर सांगितलंय, इथेही लिहितो: रोज पंधरा मिनिटं पडायला शिकव, मग पट शिकव.