परिस्थितिकी शिकायची असेल, तर गणित सोडू नये

प्रिय विद्यार्थिनी,

विज्ञान शाखेच्या शेवटच्या शालेय वर्षात असताना तू पाठवलेले पत्र मिळाले. परिस्थितिकी, म्हणजे इकॉलॉजी, हा विषय पर्यावरणरक्षणाहून वेगळा आहे का, गणिताची भीती वाटत असल्यामुळे ते सोडून केवळ जीवशास्त्राच्या बळावर या विषयाकडे वळता येईल का, आणि तुझ्या वडिलांना वाटते त्याप्रमाणे या क्षेत्रात चरितार्थ चालणे कठीण आहे का, असे तुझे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: गणित सोडू नकोस. त्याचे कारण कळण्यासाठी हे शास्त्र प्रत्यक्षात काय करते ते पाहावे लागेल.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये या विद्याशाखेला नाव दिले. सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या हवा, पाणी, मातीशी असलेले संबंध हा तिचा विषय आहे. एखादी प्रजाती एका जागी विपुल असते आणि थोड्या अंतरावर का आढळत नाही, तिची संख्या कशामुळे वाढते किंवा घटते, अन्नातली ऊर्जा एका सजीवाकडून दुसऱ्याकडे किती पोहोचते, असे प्रश्न ती विचारते. एखादे तळे स्वच्छ राखावे की नाही, हा निर्णय समाज आपल्या मूल्यांनुसार घेतो. ते कशामुळे बिघडले आणि कोणत्या उपायाने सुधारेल, हे मात्र परिस्थितिकी पुराव्यानिशी सांगू शकते. निसर्गावरचे प्रेम या अभ्यासाकडे आणते खरे, परंतु पुरावा गोळा करण्याची शिस्त त्याहून वेगळी असते आणि ती शिकावी लागते.

ही शिस्त म्हणजे काय, ते मला सर्वाधिक आवडणाऱ्या एका प्रयोगातून स्पष्ट होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून एका ठरावीक पट्ट्यातील सर्व तारामासे पुन्हा पुन्हा काढून टाकले आणि शेजारचा तसाच पट्टा तुलनेसाठी जसाच्या तसा राहू दिला. तारामासा हा तिथल्या शिंपल्यांचा मुख्य भक्षक. तो नाहीसा झाल्यावर कालांतराने शिंपल्यांनी खडक व्यापण्यास सुरुवात केली, इतरांना जागा उरली नाही, आणि सुरुवातीच्या १५ प्रजातींपैकी ८ च शिल्लक राहिल्याचे पेन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. भक्षक काढल्यावर जीवांची विविधता वाढेल, असे कोणालाही सहज वाटले असते. घडले ते उलट. शेजारचा पट्टा नसता, तर हा बदल तारामाशांच्या अभावामुळे झाला की त्या वर्षांतल्या हवामानामुळे, हे खात्रीने सांगता आले नसते. या शास्त्राचा गाभा त्या न छेडलेल्या पट्ट्यात आहे, असे माझे मत आहे.

१९७३ मध्ये कॅनडातील एका तळ्याच्या अरुंद भागात पडदा लावून डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे दोन भाग केले, आणि दोन्हींत कार्बन व नायट्रोजन मिसळून फॉस्फरस मात्र एकाच भागात घातला. फॉस्फरस मिळालेला भाग शैवालाने हिरवा झाला, दुसरा निवळ राहिला. धुण्याच्या साबणचुऱ्यांतील फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या वादात हा पुरावा फार मोलाचा ठरला.

आता गणिताविषयी. तळ्यात मासे किती आहेत, हे सगळे मासे न पकडता कसे कळावे? समज, १०० मासे पकडून खूण करून सोडले, आणि काही दिवसांनी पकडलेल्या ८० माशांपैकी २० खुणेचे निघाले. म्हणजे एक चतुर्थांश माशांवर खूण आहे. तेव्हा एकूण मासे सुमारे ४००. त्रैराशिक इतकेच आहे. मात्र खुणा पुसल्या गेल्या नाहीत, खुणेचे मासे इतरांत नीट मिसळले, त्यांच्या पकडले जाण्याच्या शक्यतेत फरक पडला नाही आणि दरम्यान मासे आत आले नाहीत की बाहेर गेले नाहीत, ही गृहीतके तपासावी लागतात, आणि अंदाजात चूक किती असू शकते हे सांगण्यासाठी संख्याशास्त्र लागते. तुला अवघड पदावल्या सोडवण्याची भीती वाटत असावी. इथे लागते ते संभाव्यतेची समज आणि आकड्यांशी सवयीने जडलेली ओळख. ती सरावाने येते.

तुझ्या वडिलांची काळजी रास्त आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. विद्यापीठात वा संशोधन संस्थेत स्वतंत्र संशोधन करायचे असेल, तर पदव्युत्तर शिक्षणानंतर बहुधा पीएच.डी. करावी लागते, आणि अशा जागांसाठी स्पर्धा तीव्र असते. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन, वन व मत्स्य व्यवस्थापन, संवर्धन संस्था, उपग्रह प्रतिमांचे विश्लेषण, शेतीतील कीड नियंत्रण इथेही काम असते. परंतु त्यांतली बरीच कामे ठरावीक मुदतीची असतात, हे त्यांनाही सांग. ज्याला नमुने गोळा करण्याबरोबर संगणकावर माहितीचे विश्लेषणही करता येते, त्याच्यापुढे अधिक वाटा खुल्या राहतात, कारण ते कौशल्य इतर क्षेत्रांतही चालते.

निर्णयापूर्वी एक काम करून पाहा. गवताळ जागेत एक मीटर लांबी-रुंदीच्या काही चौकटी आख, त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरव, आणि प्रत्येकीत वनस्पतींचे किती प्रकार व किती रोपे आहेत ते दर आठवड्याला मोजून लिहून ठेव. कंटाळवाणे वाटले, तरी दोन महिने ही मोजणी सोडू नकोस. त्या नोंदींतून प्रश्न सुचू लागले, तर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र यांपैकी कोणतीही पदवी चालेल. फक्त जिथे सोबत संख्याशास्त्र घेता येते आणि क्षेत्रकार्य प्रत्यक्ष करून घेतले जाते, त्या महाविद्यालयाला अर्ज भरताना पहिली पसंती दे.