ताई, अध्यक्ष झालात, आता एवढं करा

शाळा व्यवस्थापन समितीच्या सही करण्यापुरत्या अध्यक्ष राहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला ठेवल्या आहेत, त्या इतिवृत्ताची वही भरायला नव्हे. समितीतल्या माझ्या पहिल्या वर्षी बैठक न होताच वही घरोघर फिरली. मीही सही केली. ते अजून मनाला लागतं.

आमच्याकडे अमावास्येला शेतमजुरीला सुट्टी असते, म्हणून बैठक त्याच दिवशी घेतो. बायका येतात, बोलतात.

मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात. त्यांच्याशी वाकडं धरू नका, पण अनुदान किती आलं आणि कशावर गेलं, हे पासबुकासकट बैठकीत वाचून घ्या. शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो. त्यात मुलींच्या स्वच्छतागृहातलं पाणी आधी लिहा, रंगरंगोटी नंतर. खिचडी शिजते तेव्हा न सांगता जा, मुलांच्या पंगतीत बसून जेवा.

आणि ऊसतोडीला निघणाऱ्या घरांना दिवाळीआधी गाठाच. मूल आजीजवळ राहील का, एवढंच विचारा. आजी नसेल तर, आई-बाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या हलण्याआधी पंचायत समितीत गेला पाहिजे. उशीर झाला की मूल उसाच्या फडावर गेलेलं असतं.