आई-बाबा धरून सहाजण क्रूझवरून मुंबईत उतरणार, कोल्हापूरहून गाडी पाठवावी का?

भावा, कोल्हापूरची गाडी पाठवलीस तर जाऊन-येऊन साडेसातशे किमीचं भाडं पडणार, त्यापेक्षा मुंबईतनंच वन-वे गाडी मिळते का ते आधी बघ. आणि तिकिटावरची वेळ ही जहाज धक्क्याला लागायची असते, माणसं बाहेर यायची नव्हे! आमच्या वेळी मी ड्रायव्हरला सातचा टाइम दिला, बिचारा सहापासनं उभा आणि आमची मंडळी बाहेर आली दहाला, कारण डेकप्रमाणे एकेक ग्रुप सोडतात, मग बॅगा शोधा, आणि परदेशातनं आलेलं जहाज असेल तर इमिग्रेशन-कस्टम्स वेगळंच. वेटिंगचे पैसे गेले ते गेलेच, वर त्याची बोलणी खाल्ली. म्हणून दोन-अडीच तास पुढचाच टाइम दे.

टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे, बंदराचा एरिया, त्यामुळं गाडी कुठल्या गेटपर्यंत सोडतात ते आधी विचारून घे आणि भेटायची जागा, गाडी नंबर आई-बाबांना कागदावर लिहून दे, भर समुद्रात फोनला रेंज नसते. सहाजण म्हणजे अर्टिगा सांगू नकोस हं, माणसं बसतील पण बॅगा कुठं ठेवणार? इनोव्हा घे, वर कॅरियर असलेली.

थकले असतील तर अजून एक, सीएसएमटी तिथनं टॅक्सीनं जवळच आहे, दुपारी आराम करून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी कोल्हापुरात. फक्त रिझर्व्हेशन आत्ताच कर.