पाचवीत सगळे विषय मिळून मुलं नेमकं काय शिकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बंगळूरहून साताऱ्याला परत येताय, मुलगी आतापर्यंत सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत होती, आता बालभारतीची पुस्तकं चालणाऱ्या सेमी-इंग्रजी शाळेत पाचवीला घालायची आहे. तर पाचवीत कोणत्या विषयात काय असतं आणि मे महिन्यात तिच्याकडून काय करून घ्यावं? मी बरीच वर्षं चौथी-पाचवीच्या वर्गांवर शिकवते आहे, म्हणून लिहिते.

अभ्यासक्रमाच्या आधी एक व्यवहाराची गोष्ट. शिक्षण हक्क कायद्यात पाचवी प्राथमिकमध्ये मोडते. पण आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीलाच संपतात आणि मुलं पाचवीला हायस्कुलात जातात. चौथीपर्यंत एकच बाई किंवा गुरुजी सगळे विषय शिकवतात, पोराचं नाव, घर, खोकला सगळं त्यांना माहीत असतं. हायस्कुलात गेलं की दर तासाला शिक्षक बदलतो, वेळापत्रक बघून दप्तर भरावं लागतं, प्रत्येकाच्या वहीची पद्धत वेगळी. पहिल्या घटक चाचणीत मार्क कमी पडतात ते बऱ्याचदा यामुळे, अभ्यास जमत नाही म्हणून नाही. तुमच्या मुलीचं तर गाव, शाळा, माध्यम सगळंच बदलणार. दिवाळीपर्यंत मार्कांवरून तिला बोलू नका.

आता विषय. मराठी, इंग्रजी, हिंदी, गणित, परिसर अभ्यासाचे दोन भाग, शिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. नावं वाचून काहीच कळत नाही, म्हणून मी जरा वेगळ्या बाजूने सांगते. पाचवीत प्रत्येक विषयात मापच मोठं होतं. गणितात संख्या लाख, दशलक्ष करत कोटीपर्यंत जातात. भूगोलात नकाशा भारताचा होतो आणि त्याआधी पृथ्वी आणि सूर्यमाला येते. आणि इतिहास तर लाखो वर्षं मागे जातो.

हा इतिहासाचा बदल पालकांच्या लक्षातच येत नाही. चौथीचा परिसर अभ्यास भाग 2 म्हणजे ‘शिवछत्रपती’. माणसं ओळखीची, किल्ले बघितलेले, गोष्ट एकसलग. साताऱ्यात तर अजिंक्यतारा वर्गाच्या खिडकीतून दिसतो. पाचवीच्या भाग 2 मध्ये एकदम ‘इतिहास म्हणजे काय’ हा प्रश्न येतो, मग कालसंकल्पना, सजीवांची उत्क्रांती, पाषाणयुगातली दगडाची हत्यारं, शेतीची सुरुवात, स्थिर जीवन आणि नागरी संस्कृती. राजा नाही, लढाई नाही, नावंही नाहीत. चौथीत इतिहासात पैकीच्या पैकी मार्क घेणारी मुलं इथे गोंधळतात, कारण त्यांच्या लेखी शिवाजी महाराजही ‘फार पूर्वी’ आणि आदिमानवही ‘फार पूर्वी’.

यावर मी करते ते घरी सहज करता येईल. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर वर्षं असं धरायचं आणि आजपासून मागे मोजत जायचं. 1674 चा राज्याभिषेक येतो साडेतीन सेंटिमीटरवर. इसवी सनाची सुरुवात वीस सेंटिमीटरच्या जरा पुढे, म्हणजे नेहमीच्या पट्टीतच. हडप्पा संस्कृतीची भरभराट साडेचार हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर. इथवर सगळं वहीच्या दोन पानांवर मावतं. आता एक लाख वर्षं? दहा मीटर. वर्गाच्या बाहेर. वीस लाख वर्षांपूर्वी माणसाचे पूर्वज दगडी हत्यारं वापरत होते, ते दोनशे मीटरवर. आमच्या शाळेचं मैदान संपून रस्ता लागतो तिथे. पोरं धावत जाऊन खूण करून येतात आणि मग ‘बाई, एवढा वेळ ते फक्त दगडच घासत होते?’ असं विचारतात. हा प्रश्न आला की धडा निम्मा झाला. यात गणितही आपोआप होतं. शंभर वर्षांना एक सेंटिमीटर तर लाखाला किती, हे त्यांना त्यांचं काढू द्या, लगेच उत्तर सांगू नका.

तुमच्या मुलीने चौथीचं ‘शिवछत्रपती’ वाचलेलं नसणार. पाचवीला त्याने काही अडत नाही. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुगीन भारत आणि त्यात पुन्हा मराठ्यांचा इतिहास येतो. पण वर्गातल्या बाकी सगळ्यांना अफजलखान ते आग्रा तोंडपाठ असणार आणि हिलाच माहीत नाही, हे त्या वयात लागतं. सुट्टीत गोष्टीसारखं वाचून टाका, प्रश्नोत्तरं अजिबात नकोत.

परिसर अभ्यास भाग 1 जाडजूड आहे आणि त्यात विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र एकत्र बांधलेलं आहे. सूर्यमाला, पृथ्वीचं फिरणं, नकाशा, भारताची ओळख, पाणी, वस्त्र, वाहतूक, अन्न टिकवण्याच्या पद्धती, अन्नघटक, शरीरातली आंतरेंद्रिये, संसर्गजन्य रोग, पदार्थ आणि ऊर्जा. मध्येच कौटुंबिक मूल्ये, ‘नियम सर्वांसाठी’, सार्वजनिक सुविधा असे धडे. सहावीत याचीच फोड होऊन सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी वेगळी पुस्तकं होतात, ग्रामपंचायत-नगरपालिकाही तेव्हाच येते. पाचवीत पाठांतराचा आग्रह धरू नका. अन्न टिकवण्याचा धडा तर मे महिन्यात साताऱ्याच्या कुठल्याही घराच्या गच्चीवर चालूच असतो: कुरडया, सांडगे, लोणचं, मीठ लावून वाळवलेली मिरची. पाणी काढून टाकलं की पदार्थ का टिकतो, हे तिने एकदा आजीला विचारलं की पुरे.

नकाशाचं मात्र सांगते. भारताचा नकाशा पाठ असणारी मुलं असतात, पण नकाशातली सूची, चिन्हं आणि दिशा बघून तो वाचता येणारी कमी. तुम्ही बंगळूरहून येणारच आहात. येताना तिच्या हातात कागदी नकाशा द्या आणि हुबळी, बेळगाव, कोल्हापूर कुठल्या क्रमाने येणार ते तिला सांगायला लावा. मोबाईलवरचा नको, त्यात आपण कायम मध्यभागी असतो.

गणितात रोमन संख्या, चार क्रिया, विभाज्य-विभाजक, अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, कोन, वर्तुळ, कालमापन, परिमिती व क्षेत्रफळ, त्रिमितीय वस्तू, चित्रालेख, आकृतिबंध आणि शेवटी बीजगणिताची पूर्वतयारी. सीबीएसईतून येणाऱ्या मुलांना यातलं बरंचसं ओळखीचं असतं. त्यामुळे गणिताची फार काळजी नको, दोन जागा सोडून.

पहिली जागा दशांश. मुलीला विचारा, 0.35 मोठे की 0.4? वर्गातली बरीच मुलं बेधडक 0.35 म्हणतात, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. आपल्या वेळी हे रुपये-पैशांत समजावायचे. आता ते चालत नाही, कारण मुलांनी पैसा बघितलेलाच नाही. अडीच रुपये लिहायला सांगितले की 2.5 लिहितात आणि वाचताना दोन रुपये पाच पैसे म्हणतात, आणि त्यांना त्यात काही खटकत नाही. मी शिवणकामाची टेप वापरते. एक मीटरचे दहा भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा. 0.4 म्हणजे चाळीस सेंटिमीटर आणि 0.35 म्हणजे पस्तीस, बोट ठेवून बघ कुठलं लांब. हे एकदा बोटाखालून गेलं की मग 0.40 लिहायचं शून्य कुठून आलं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी जागा शाब्दिक उदाहरणं. उभी मांडणी करून दिली तर भागाकार बिनचूक, आणि तेच चार ओळींत लिहून दिलं की ‘बाई, गुणायचं का भागायचं?’ हा गणिताचा प्रश्न नाही, वाचनाचा आहे. सेमीत गणिताचं पुस्तक इंग्रजी असल्याने तुमच्या मुलीला उलट फायदाच होईल. पण बाई समजावताना मराठीत बोलतात आणि ‘एकोणसत्तर’ किंवा ‘सत्त्याऐंशी’ म्हटलं की इंग्रजी शाळेतून आलेलं मूल तिथेच अडकतं. तेव्हा मे महिन्यात पहिलं काम हे: शंभरपर्यंतचे मराठी आकडे कानाला पक्के. भाजीबाजारात, बसच्या नंबरात, कुठेही. सहावीपासून बहुतेक सेमी शाळांत विज्ञानही इंग्रजीत जातं, तोवर तिचा जम बसलेला असेल.

भाषांचं पटकन सांगते. इंग्रजी तिला सोपं जाईल, कदाचित कंटाळाही येईल. हिंदी मराठी शाळांत वर्षानुवर्षं पाचवीपासून सुरू होत आली आहे, त्यामुळे तिथे सगळी मुलं सुरुवातीपासूनच असतात, हिची गाडी कुठे चुकणार नाही.

खरा घाम मराठीत निघेल. धडे, कविता, वाक्प्रचार, म्हणी, लिंग-वचन, नाम-सर्वनाम-विशेषण-क्रियापद, छोटं पत्र, आठ-दहा ओळींचा निबंध, एवढं असतं. घरी मराठी बोलणारी मुलं ऐकून समजतात, पण जोडाक्षरं आली की वाचायला अडखळतात आणि लिहायला तर नकोच म्हणतात. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या आणि तीन-चार ओळी लिहून घ्या, त्या दिवशी काय झालं एवढंच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल पेन सध्या फिरवू नका. लिहायची भीती गेली की ते पुढे शाळेत सुधारता येतं. मराठी वाचन सुधारलं की परिसर अभ्यासाचे दोन्ही भाग निम्मे झाले समजा, कारण ती पुस्तकं मराठीतूनच वाचायची आहेत.

चित्रकला, कार्यानुभव, खेळ यांची पानं शाळेवर सोडा. शाळा चांगली असेल तर ते तास होतात, नाही तर त्या तासांना गणित चालतं. प्रवेश घेताना मुलांनाच विचारा, खरं उत्तर मिळतं.

परीक्षेबद्दल दोन गोष्टी. पूर्वीसारखं आठवीपर्यंत सरसकट वर ढकलणं आता नाही. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात राहिलं तर पुनर्परीक्षा, आणि तीही नाही जमली तर त्याच वर्गात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, वर वर्णन केलेली मुलगी सहज पार पडते. दुसरी गोष्ट शिष्यवृत्ती परीक्षेची. प्रत्येकी 150 गुणांचे दोन पेपर: एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. 2016-17 पासून ती पाचवीला होत होती, 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला न्यायचा निर्णय घेतला, तेव्हा शेजारचे काय सांगतात यापेक्षा शाळेत विचारा. सहावीसाठी नवोदयची (केंद्र सरकारच्या निवासी शाळेची) प्रवेश परीक्षा पाचवीत असते, ती वेगळी. माझं स्पष्ट मत: या वर्षी कुठलाही क्लास लावू नका. गाव बदललेल्या मुलीला संध्याकाळी खेळायला जाऊ द्या, मराठी तिथेच जास्त येईल.

पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आजच उतरवून अनुक्रमणिका बघा. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2025-26 ला पहिलीपासून पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलायला लागली आहेत, म्हणून वर्ष तपासून घ्या आणि ओळखीच्यांकडून जुना संच आणण्याआधी शाळेला विचारा. आणि बंगळूर सोडण्याआधी तिथल्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणि तिचा यू-डायसवरचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला) पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, लिहून घ्यायला विसरू नका. इथे आल्यावर त्यासाठी फोनाफोनी करत बसणं फार त्रासाचं होतं.